कटरवाल्याला मीच थांबवलं

प्रिय मित्रा,

आठ महिने पत्र नाही, आणि आज लिहितोय तेही माझ्या गरजेपोटी. शिव्या घालून घे, मग पुढे वाच. तब्येत बरी. गुडघा थंडीत बोलतो, तेवढंच.

आपल्या ड्रॅग स्ट्रिपची, सरळ शर्यतीच्या पट्टीची, डावी लेन ओतून झाली. हो, काँक्रीटची, पूर्ण ४०२ मीटर. डांबर की काँक्रीट या आपल्या जुन्या वादात जिंकलास. ती जागा उरली नाही रे. सुरुवातीचं काँक्रीट संपून डांबर लागायचं आणि गाडीची मागची चाकं क्षणभर सुटायची, तीच. इतकी वर्षं तिला शिव्या दिल्या, पण ती फोडायला ब्रेकर मशीन लागलं तेव्हा मला तिथे उभं राहवेना. आत जाऊन पावत्या लावत बसलो.

तू अमेरिकेतला ब्रिस्टलचा रेस ट्रॅक तोंडावर मारायचास: १९९२ साली डांबर गेलं, काँक्रीट आलं, तिथल्याच डोव्हर ट्रॅकनेही १९९५ मध्ये तेच केलं. मी लगेच इंग्लंडचा जुना ब्रुकलँड्स ट्रॅक काढायचो: १९०७ चं काँक्रीट, पुढे ते ठिकठिकाणी खचलं आणि गाड्या उड्या मारायला लागल्या. लांब्या मध्ये बसून दोघांच्या सिगारेटी संपवायचा. त्याचा पक्ष तेवढाच.

आता खरी गोष्ट. स्लॅब २० सेंटिमीटरचा, दर साडेचार मीटरला जॉइंट, दोन जॉइंटमधला तुकडा म्हणजे एक पॅनेल. काँक्रीट आकसणार, तडकणार, फक्त कुठे तडकायचं ते कटरने आधी सांगून ठेवायचं. हे तुला काय सांगायचं! ओतल्या दिवशी रात्री साडेअकराला कटरवाला म्हणाला, "साहेब, लावतो आता." मी खिळ्याने कड खरवडून पाहिली, तर दाणे निघाले, म्हणजे अजून कच्चं. लगेच डोळ्यांपुढे आली ती पिट लेन: लवकर कापल्यामुळे उंदरांनी कुरतडल्यासारख्या झालेल्या कडा, आणि त्यावरून तीन वर्षं चाललेलं तुझं टोचणं. म्हटलं, "दोन तास थांब." (म्हणजे बघ, यातही थोडा दोष तुझाच.)

एकच्या सुमाराला वारा सुटला, गारठा पडला. दीडला त्याने कटर लावला आणि स्टार्टपासून पुढे कापत गेला. तीन वाजता मी बॅटरी घेऊन मागून चालत निघालो. वरचं पाणी वाळून सगळा स्लॅब पांढुरका दिसत होता, आणि चौथ्या पॅनेलवर एकच काळी ओली रेघ, सुतासारखी, या कडेपासून त्या कडेपर्यंत. नवा काप तिच्यापासून चाळीस सेंटिमीटरवर, अगदी सरळ, सुबक आणि बिनकामाचा. जागा कुठली? स्टार्टपासून साठ फुटांवर वेळ मोजणारा जो प्रकाशाचा बीम असतो, त्याच्या हात-दीड हात अलीकडे. गाडी सगळा जोर लावून अजून तिथून निघत असते.

ठेकेदार म्हणतो, इपॉक्सी भरा आणि विसरा. नवा इंजिनियर पोरगा हुशार आहे, तो म्हणाला टाके घालू: तिरकी भोकं, सळ्या, इपॉक्सी. पण ती चीर आता जॉइंटचं काम करतेय. तिला शिवली की स्लॅब शेजारी दुसरीकडे फाटणार. नुसती ठेवावी, तर डॉवेल, म्हणजे जॉइंटवर दोन पॅनेलांना आधार देणाऱ्या आतल्या सळ्या, तिथवर पोचत नाहीत. ४५ सेंटिमीटरची सळई, अर्धी इकडे अर्धी तिकडे, म्हणजे बावीसवर संपली. चिरेला आधार फक्त खडीच्या दातांचा. ते झिजले की एक बाजू खाली बसणार, म्हणजे जुनी जागा आपणच पुन्हा बांधली म्हणायची. मला पॅनेल फोडावंसं वाटतं. दोन्हीकडे भोकं पाडून नवे डॉवेल, मग डायमंड ग्राइंडिंग करून कडा एका पातळीत. तू काय केलं असतंस? एका ओळीत कळव, प्रबंध नको.

पण झोप त्या चिरेने उडालेली नाही. ठेकेदाराने खापर कटरवाल्यावर फोडलंय, त्याची मजुरी कापणार म्हणतो. तो माणूस एक शब्द बोलला नाही. नुसतं माझ्याकडे पाहिलं आणि ब्लेड पुसत बसला. आज आठवा दिवस, मी अजून गप्प आहे. गेल्या वेळी गप्प बसलो तेव्हा कोणाच्या डोक्यावर फुटलं, ते तुला सांगायला नको. तू कधी विचारलं नाहीस, आणि मी कधी बोललो नाही. ते गाडी उलटण्यापेक्षा वाईट होतं.

उद्या आठला ठेकेदार येतोय. पॅनेल फोडायचं म्हटलं की पहिला प्रश्न "का" हाच असणार.

वहिनींचं ऑपरेशन नीट झालं ना? पोरगी नोकरीला लागली हे लांब्याकडून कळलं, तुझ्याकडून नाही, याचं भांडण राखून ठेवलंय. उजवी लेन ओतू तेव्हा ये. खिळा तुझ्या हातात देतो.

तुझाच

ता.क. ताकद तपासायचे सात दिवसांचे काँक्रीटचे क्यूब उत्तम आले. काँक्रीटच खराब होतं म्हणायचीही सोय राहिली नाही.