विषय: रिमॅप काढा, माझी मूळ फाइल गाडीत परत टाका

व्यवस्थापक,

आज दुपारी तुमच्या माणसाशी सहाव्यांदा बोललो. सातवा फोन करायची इच्छा नाही, म्हणून हे पत्र.

गाडी २०१३ ची स्विफ्ट डिझेल, १.३ लिटर, ७५ पीएस. १८ हजार मोजून तुमच्याकडे स्टेज १ रिमॅप करून घेतलं, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमधली (ईसीयू) कंपनीची मूळ सॉफ्टवेअर फाइल बदलून ताकद वाढवायचं काम. ताकद वाढली, नाही म्हणत नाही. खंबाटकीत आता गिअर उतरवावा लागत नाही. पण ॲव्हरेज? "लिटरमागे दोन-तीन किलोमीटर तरी वाढणार," म्हणाला होतात. आधी १९ मिळायचं, आता टाकी फुल टू फुल मोजून १५. तीनदा मोजलं, एकाच पंपावर. पावत्या जोडल्यात.

डॅशबोर्ड मात्र २४ दाखवतो. त्यावर तुमचा माणूस म्हणाला, "मग २४ च आहे ना, काका." मी म्हटलं, अरे, तो आकडा ईसीयू स्वतःच्या हिशेबाने काढतो. इंजेक्टर उघडा राहायची वेळ तुम्ही वाढवलीत आणि हिशेब जुनाच ठेवलात, तर तो डिझेल कमीच धरणार. जरा शांतता. मला वाटलं, पटलं. तर म्हणे, "पंपवाला मापात मारत असेल." पावत्यांचं सांगितलं. "मग तुमचा पाय जड असेल." ३१ वर्षं गाडी चालवतोय मी! आणि शेवटी, मागे कुणीतरी खिदळत असताना: "पण काका, या वयात रिमॅप केलात कशाला?"

पैसे घेताना वय विचारलं नव्हतंत. तेव्हा मी 'सर' होतो.

धुराचं तर बोलायलाच नको. बीएस ४ डिझेलला पीयूसीत धुराच्या दाटपणाची मर्यादा १.६२, माझी गाडी २.९ ला गेली. पीयूसीवाल्याने आधी गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. चढावर क्लच जळल्याचा वास येतो तो वेगळाच.

हे सगळं मी गिळलंही असतं. पण काम करण्याआधी "मूळ फाइल उतरवून ठेवतो, कधीही या, फुकट टाकून देऊ" असं सांगितलंत, आणि आता ती "शोधावी लागेल". माझ्या गाडीची फाइल आहे ती, लग्नातली चप्पल नव्हे.

आठ दिवसांत मूळ फाइल टाकून द्या आणि १८ हजार परत करा. नाहीतर जिल्हा ग्राहक आयोगात भेटू. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवून ठेवली आहे. मित्राला तुमचंच नाव सुचवलं होतं, त्याचीही आता माफी मागायची आहे.

आणि पुन्हा सांगतो, १५. चोवीस नाही.

उत्तर लेखी द्या. फोन करायचाच झाला तर त्या पोराच्या हातात देऊ नका.