हाउसबोट साडेपाचला का थांबते

माननीय संपादक यांस,

स. न. वि. वि.

केरळच्या हाउसबोटींविषयी एका वाचकांचे तक्रारवजा पत्र आपल्या दैनिकात नुकतेच प्रसिद्ध झाले. लग्नाच्या वाढदिवसानिमित्त त्या पती-पत्नींनी अलप्पुळा येथे एका रात्रीसाठी स्वतंत्र बोट भाड्याने घेतली, दुपारी बारापासून दुसऱ्या दिवशी सकाळी नऊपर्यंतचे पैसे मोजले आणि प्रत्यक्षात संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास बोट काठाला बांधून टाकण्यात आली, ती सकाळपर्यंत हलली नाही, ही त्यांची मुख्य तक्रार आहे. त्यावरून हा सारा व्यवसायच फसवणुकीचा आहे असा निष्कर्ष त्यांनी काढला असून, आपल्या ठाणे खाडीत रात्रभर फिरणाऱ्या हाउसबोटी सुरू कराव्यात, म्हणजे इतक्या लांब जाऊन मनस्ताप करून घ्यावा लागणार नाही, अशी सूचनाही शेवटी केली आहे. त्यांना आगाऊ कल्पना दिली गेली नाही, हा त्यांच्यावर झालेला अन्याय मला मान्य आहे. बाकीच्या दोन्ही गोष्टी मात्र मुळीच पटत नाहीत.

मी आणि माझे यजमान दोघेही निवृत्त आहोत. ठाण्याहून नेत्रावती एक्स्प्रेस थेट अलप्पुळाला जाते, त्यामुळे विमान, टॅक्सी वगैरे खटाटोप न करता आम्हीही तिकडे गेलो होतो आणि अशीच एका खोलीची बोट घेऊन पंपा नदीवर राहिलो होतो. आमचीही बोट साडेपाचला थांबली. फरक इतकाच, की ती थांबणार हे आम्हाला ठाऊक होते.

हा नियम बोटमालकांच्या आळसातून आलेला नाही. (त्यात त्यांचे डिझेल वाचते हे खरे आणि त्याचे त्यांना दुःख होत नाही हेही खरे.) वेम्बनाड सरोवर आणि त्याला येऊन मिळणाऱ्या पंपा, मणिमला, अच्चनकोविल, मीनच्चिल या नद्या म्हणजे केवळ सहलीचे पाणी नव्हे. दिवस मावळला की तिथले मच्छीमार छोट्या होड्या घेऊन बाहेर पडतात आणि पात्रात जाळी लावतात. हाउसबोटीचा पंखा त्या जाळ्यात गेला तर जाळे फाटते, आणि एक जाळे फाटले म्हणजे त्या घराचे कित्येक दिवसांचे उत्पन्न बुडते. दिवसभर पाणी पर्यटकांना आणि रात्री ते मच्छीमारांना, अशी ही वाटणी आहे. बोट भाड्याने घेतली म्हणजे नदी भाड्याने घेतली असे होत नाही, इतकी साधी गोष्ट आपण मुंबई-ठाण्याकडचे लोक, पैसे मोजले की, विसरून जातो.

दुसरे कारण सुरक्षिततेचे आहे आणि त्यात हसण्यावारी नेण्यासारखे काही नाही. 7 मे 2023 रोजी मलप्पुरम जिल्ह्यातील तानूर येथे एक पर्यटक बोट उलटून 22 जणांचा मृत्यू झाला आणि त्यांत लहान मुले मोठ्या संख्येने होती. ती बोट मुळात मासेमारीची होती, तिच्यात बदल करून तिला पर्यटक बोटीचे रूप देण्यात आले होते, तिच्यावर क्षमतेपेक्षा जास्त माणसे चढवली होती आणि ती संध्याकाळी अंधार पडल्यावर फिरत होती. चांदण्यात नौकाविहार ही कल्पना कितीही मोहक असली, तरी दिवे नसलेल्या होड्या, पाण्यात पसरलेली जाळी आणि वळणावळणाचे अरुंद पात्र यांतून दोन मजली बोट हाकणाऱ्या चालकाच्या जागी स्वतःला ठेवून पाहावे, अशी पत्रलेखकांना माझी विनंती आहे.

मुळात या बोटी तिथे आल्या कशा, हेही पाहण्यासारखे आहे. केट्टुवळ्ळम नावाच्या या नावा पूर्वी कुट्टनाडचे, म्हणजे अलप्पुळाभोवतालच्या सखल प्रदेशाचे, भात आणि मसाल्याचे पदार्थ कोचीपर्यंत वाहून नेत असत. फळ्या खिळ्यांनी न ठोकता काथ्याच्या दोरीने एकमेकींना शिवायच्या आणि वरून काजूच्या टरफलाच्या तेलाचा लेप द्यायचा, ही त्यांची बांधणी. पुढे रस्ते आणि पूल झाले, माल ट्रकने जाऊ लागला आणि या नावा काठाला कुजत पडल्या. 1990 नंतरच्या काळात त्यांच्यावर बांबू-चटईचे छप्पर घालून, आत खोली, न्हाणीघर आणि स्वयंपाकघर बसवून पर्यटकांना राहायला देण्याची कल्पना निघाली. ज्या कुटुंबांचे पोट या नावांवर चालत असे, त्यांतील काहींना त्यामुळे पुन्हा काम मिळाले. आज दिसणाऱ्या बोटींपैकी पुष्कळशा थेट पर्यटकांसाठीच बांधलेल्या आहेत. तरीही त्यांची ठेवण मालवाहू नावेची आहे. त्या सावकाश चालतात. घाईने पुष्कळ पाहून घ्यायचे असेल तर ही सहल घेऊच नये.

आता खरी मौज कुठे आहे, ते सांगते. कुट्टनाडमध्ये भातशेती समुद्रसपाटीच्या खाली केली जाते. बांध घालून पाणी अडवायचे, आतले पाणी पंपाने उपसून बाहेर काढायचे आणि मग पेरणी करायची, ही तिथली पद्धत. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने 2013 मध्ये तिला जागतिक महत्त्वाच्या कृषी वारशाचा दर्जा दिला. पुस्तकात वाचून हे नीटसे उमगत नाही. बोटीच्या पुढच्या भागात खुर्ची टाकून बसले, की एका बाजूला आपण तरंगत असलेली नदी आणि दुसऱ्या बाजूला बांधापलीकडे, आपल्या पायांच्या पातळीपेक्षाही खाली, हिरवे शेत दिसते. बांधाच्या अरुंद पट्टीवर घरे, घरांपुढे पायऱ्या, पायऱ्यांवर भांडी घासणाऱ्या बायका. राज्य जलवाहतूक विभागाची फेरीबोट या धक्क्यावरून त्या धक्क्याला जाते आणि तिच्यातून शाळेची मुले, दवाखान्यात निघालेली म्हातारी माणसे, भाजीच्या पाट्या असे सगळे उतरते. आमच्या यजमानांचे निम्मे आयुष्य ठाणे-व्हीटी लोकलने जाण्या-येण्यात गेले आहे. ही फेरीबोट पाहून ते जितके रमले, तितके ते आमच्या बोटीतल्या गुबगुबीत सोफ्यावरही रमले नाहीत.

बोट बांधल्यानंतरची वेळ वाया जाते, हेही मला खरे वाटत नाही. आमच्या बोटीवर चालक, स्वयंपाकी आणि एक मदतनीस असे तिघे होते. बोट थांबताच चालक मोकळा झाला आणि आम्हाला बांधावरून फिरायला घेऊन गेला. सहा-साडेसहाला पाण्यावर एकेक होडी निघू लागली. एक जण वल्हे मारतो, दुसरा जाळे सोडत जातो, बोलणे जवळजवळ नाहीच. ज्यांच्यासाठी आपण थांबलो आहोत ते डोळ्यांसमोर कामाला लागलेले पाहिले, की तक्रार करण्याची इच्छा उरत नाही. रात्री जेवणात करीमीन होता, म्हणजे आपल्या कोकणातले काळुंदर. त्याला केरळने राज्य मासा म्हणून मान दिला आहे आणि तो मान योग्यच आहे, एवढेच म्हणते.

याचा अर्थ तिथे सगळे आलबेल आहे असा नाही. बांधण्याच्या ठरलेल्या जागी बोटी एसटी स्टँडवर गाड्या लागाव्यात तशा एकीला एक खेटून उभ्या राहतात, शेजारच्या बोटीवर मोठ्याने गाणी लागतात आणि वातानुकूलनासाठी चालणाऱ्या जनरेटरची घरघर रात्रभर ऐकावी लागते. याहून गंभीर प्रश्न पाण्याचा आहे. वेम्बनाड-कोल पाणथळ प्रदेशाला 2002 मध्ये रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला, तरी इतक्या बोटींचे सांडपाणी, डिझेलचा तवंग आणि पात्रभर पसरणारी जलपर्णी हे उघड्या डोळ्यांनी दिसते. खारे पाणी भातशेतीत शिरू नये म्हणून बांधलेल्या तण्णीरमुक्कमच्या बंधाऱ्यामुळेही पाण्याचा नैसर्गिक प्रवाह अडतो आणि त्यावरून शेतकरी व मच्छीमार यांच्यात जुना वाद आहे. पत्रलेखकांनी यावर तक्रार केली असती, तर मी त्यांच्या पत्राखाली आनंदाने सही केली असती.

फसवणूक होते ती बोटीवर नव्हे, बोट ठरवताना. आपल्याकडचे सहल आयोजक ‘एकवीस तास हाउसबोट’ असे सांगतात आणि त्यातले बोट चालण्याचे तास पाच-सहाच असतात, हे सांगत नाहीत. पुष्कळशा बोटींत खोलीतले वातानुकूलन केवळ रात्री नऊ ते सकाळी सहा चालते, हेही पोहोचल्यावर कळते. अरुंद कालव्यांतून, नारळांच्या कमानींखालून जाणारी जी छायाचित्रे दाखवतात, तिथे मोठी बोट शिरूच शकत नाही. त्यासाठी वेगळी छोटी होडी घ्यावी लागते आणि माझ्या मते ती अवश्य घ्यावी. वाटेत एखाद्या मासळीच्या टपरीपाशी बोट थांबवून मोठी कोळंबी घेण्याचा आग्रह होतो, तिथला भाव ऐकून ठाण्याच्या बाजारात वाढलेल्या बाईने नम्रपणे नकार द्यावा. मात्र बोटीचा नोंदणी क्रमांक आणि तपासणीचे प्रमाणपत्र दाखवायला सांगणे, लाइफ जॅकेट माणशी एक आहे की नाही हे चढण्यापूर्वीच मोजून घेणे, यांत भिडस्तपणा करू नये. 2021 च्या अंतर्देशीय जहाज कायद्याने अशा नौकांची नोंदणी, तपासणी आणि जीवरक्षक साधने बंधनकारक केलेली आहेत, त्यामुळे आपण काही उपकार मागत नसतो. 18 डिसेंबर 2024 रोजी गेटवेहून घारापुरीकडे निघालेल्या बोटीला झालेल्या अपघातानंतर तरी हे आपल्या लोकांना वेगळे सांगायला नको.

आता ठाणे खाडीतील रात्रभर फिरणाऱ्या हाउसबोटींच्या सूचनेविषयी. कुट्टनाडच्या आतल्या भागात भरती-ओहोटीचा चढउतार जेमतेम जाणवतो. आपल्याकडे उधाणाच्या दिवसांत भरती साडेचार मीटरच्या वर जाते आणि ओहोटीला खाडीच्या दोन्ही काठांचा चिखल दूरवर उघडा पडतो. अलप्पुळाची बोट इथे आणून काठाला बांधली, तर ती दिवसातून दोनदा गाळात बसेल. ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रातून रोहित पक्षी पाहायला वन विभागाच्या ज्या बोटी सुटतात, त्यांच्या वेळा याच कारणाने रोज बदलतात. शिवाय खाडीचा मोठा भाग 2015 पासून रोहित पक्ष्यांचे अभयारण्य आहे आणि 2022 मध्ये तोही रामसर यादीत गेला; तिथे रात्री जनरेटर आणि गाण्यांसह बोटी फिरवण्याची कल्पना कोणाला सुचावी, याचेच आश्चर्य वाटते.

चेंदणी, विटावा, दिवाळे येथील कोळी बांधवांचे काय, हा प्रश्न पत्रात कुठेच नव्हता. ते भरतीच्या वेळा पाहून रात्री-अपरात्री खाडीत उतरतात, डोल जाळी लावतात, पाग म्हणजे फेकजाळे टाकतात, चिंबोऱ्या-निवट्या धरतात. सांडपाण्याने आणि भरावाने त्यांची मासळी आधीच कमी झालेली आहे. उल्हास नदी आणि वसईची खाडी 2016 च्या कायद्याने राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक 53 झाली आहे, वसई-भाईंदर रो-रो (वाहनांसह माणसे नेणारी बोट) सेवा 2024 पासून सुरू आहे आणि पुढेमागे घोडबंदरच्या बाजूला सहलीच्या बोटीही येतील. त्याला माझा विरोध नाही. लोकांनी दिवसाउजेडी पाण्यावर जावे, आपली खाडी केवळ पुलावरून नाक दाबून पाहण्याची वस्तू नाही हे त्यांना कळावे, असेच मला वाटते. परंतु त्या बोटींचे वेळापत्रक ठरवताना पहिली बैठक कोळीवाड्यात व्हावी, आणि कोणत्या वेळेला कुठे बोट न्यायची नाही हे तिथल्या माणसांनी सांगावे. केरळकडून काही उचलायचेच असेल, तर बांबूच्या छपराआधी साडेपाचचा नियम उचलावा.

शेवटी आपल्याकडेच एक विनंती आहे. सुट्ट्यांच्या दिवसांत केरळ सहलीच्या मोठमोठ्या जाहिराती आपल्या दैनिकात येतात आणि त्यांत हाउसबोटीचे चित्र हमखास असते. बोट प्रत्यक्ष किती वाजेपर्यंत चालेल आणि वातानुकूलन कोणत्या वेळेत मिळेल, एवढ्या दोन ओळी वाचता येतील अशा टाइपात छापण्याची अट आपल्या जाहिरात विभागाने घातली, तर अशी पत्रे आपल्याला छापावी लागणार नाहीत.

कळावे,
आपली एक नियमित वाचक,
पाचपाखाडी, ठाणे (पश्चिम)