‘योग्य व्यक्ती’कडून वकीलताईंना

वकीलताई, सप्रेम नमस्कार.

तुम्ही माझ्याकडून साधा डबासुद्धा घेतला नाहीत. दोनदा आणला, दोनदा परत घेऊन आले. “मावशी, विधी सेवेच्या, म्हणजे मोफत वकिलाच्या, केसमध्ये पक्षकाराकडून काही घेता येत नाही,” म्हणालात. भाकरीला काय फी म्हणतात का, म्हणून मी भांडलेही. शेवटी हे पत्र लिहायला बसले. चारचौघांनी वाचावं म्हणून उघडंच लिहितेय, कारण माझ्यासारख्या मावश्या, आत्या अजून बऱ्याच असतील.

नावं मात्र लिहीत नाही. अठराच्या आत लग्न लावलेल्या माझ्या भाचीसारख्या मुलीची ओळख छापणं हाच गुन्हा, हे तुम्हीच सांगितलंत. सिडको वसाहतीतली पोळीभाजीवाली म्हटलं की तुम्हाला कळेल.

सासर सोडून भाची सीबीएसवर, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकावर, उतरली तेव्हा रात्रीचे साडेदहा झाले होते. सतरा नुकतंच पूर्ण झालेलं, कडेवर सात महिन्यांची पोर, पिशवीत दोन झबली आणि लसीचं कार्ड. तिची आई, म्हणजे माझी सख्खी बहीण, फोनवर म्हणाली, “दोन दिवस ठेव, मग समजावून पाठव.” सासरहून वेगळा निरोप. पोरीला यायचं तर येऊ दे, नाहीतर नको, पण बाळ आणून द्या. “ती स्वतःच अज्ञान, अठराच्या आतली. अज्ञानाच्या ताब्यात मूल राहतं होय?”

खरं सांगू, मला ते पटलं होतं. वडील गेल्यावर आमच्या सातबाऱ्यावर माझ्या नावापुढं ‘अ.पा.क.’, म्हणजे अज्ञान पालनकर्ता, म्हणून चुलत्याचं नाव लागलं होतं. अज्ञान म्हणजे आपलं काही चालत नाही, एवढंच मला ठाऊक. एका कार्यालयात गेले तर तिथल्या साहेबांनी मान वर न करता सांगितलं, “अठरा पूर्ण झाली की या.” अकरा महिने होते त्याला. तोवर बाळानं काय करायचं, हे त्यांनी सांगितलं नाही.

मग कोर्टाच्या आवारात तुमच्याकडं आले. तहसीलमध्ये रांग लावून उत्पन्नाचा दाखला काढला होता, तो तुम्ही घडी करून मला परत दिलात. बाईला आणि मुलाला मोफत वकील मिळायला उत्पन्न बघत नाहीत म्हणे. माझा अर्धा दिवस गेला, चाळीस डबे शेजारणीला करायला लागले, पण असो.

तुम्ही टेबलावर दोन फायली ठेवल्यात. “ही हिची, ही बाळाची. मावशी, ही दोन मुलं आहेत. एकीचे कागद दुसरीत मिसळायचे नाहीत.” तोवर आम्ही सगळे एकीला आई म्हणत होतो आणि दुसरीला मूल. आई झाली तरी ती अजून मूलच आहे, हे माझ्या डोक्यात त्या दिवशी शिरलं.

बाळाच्या फायलीत तुम्ही १८९० च्या पालक आणि पाल्य कायद्याचं २१ वं कलम पेन्सिलीनं अधोरेखित केलंत. अज्ञान व्यक्ती दुसऱ्या अज्ञानाची पालक होऊ शकत नाही, पण स्वतःच्या मुलाची होऊ शकते. सव्वाशे वर्षांपेक्षा जुनी ओळ, आणि सासरचे पांढऱ्या शर्टातले पाहुणे आम्हाला कायदा शिकवत होते! मालमत्तेचं तसं नाही, तिथं आई स्वतः अज्ञान असेल तर पालक होता येत नाही, हेही सांगितलंत. पाच वर्षांखालचं मूल सहसा आईजवळच राहतं, तेही. पोरीला रात्री झोप लागत नव्हती ती निराळ्याच भीतीनं. लग्न रद्द झालं तर बाळाला लोक काय म्हणतील? २००६ च्या बालविवाह प्रतिबंध कायद्यानं बाळ औरसच राहतं, हे ऐकलं आणि ती इथं आल्यापासून पहिल्यांदा पोटभर जेवली.

तिच्या फायलीची मला जास्त धास्ती होती. अडचणीतल्या मुलांनी कुठं राहायचं ते ठरवणाऱ्या बालकल्याण समितीपुढं जायचं म्हणजे दोघींना संस्थेत नेतील, असं वाटायचं. तुम्ही गोड बोलला नाहीत. “ठेवूही शकतात. ते समितीच्या हातात आहे. तुमचं घर त्यांना बघू दे.” दवाखान्याच्या कागदावर तिचं वय एकोणीस घातलेलं. तुम्ही शाळेतून दाखला मागवलात आणि खरं वय पुढं आलं. मग चौकशीला बाई आल्या त्या नेमक्या डब्यांच्या वेळेला. कोण कुठं झोपतं, घरात कुणी पितं का, पोरीला कुणी मारतं का. मी कणकेच्या हातानंच उत्तरं दिली.

त्याआधी तुम्हाला एक सांगितलं होतं. मीही त्या लग्नात होते. अक्षता टाकल्या, जिलबी वाढली. तुम्ही जरा वेळ गप्प राहिलात. मग म्हणालात, बालविवाहाला हजर राहणाऱ्यालाही कायद्यात शिक्षा आहे, समितीनं विचारलं तर लपवू नका. त्यांनी विचारलं. मी सांगितलं. तरी आदेशात माझ्या नावापुढं ‘योग्य व्यक्ती’, म्हणजे मूल सोपवायला लायक, असं लिहून आलं. सातवी नापास बाई, सरकारी कागदावर योग्य व्यक्ती! तो कागद मी देवाच्या फोटोमागं ठेवलाय. जिलबी मात्र अजून घशाखाली उतरत नाही.

लग्न रद्द करण्याच्या अर्जात तुम्ही मला वादमित्र, म्हणजे अज्ञान मुलीच्या वतीनं कोर्टात उभी राहणारी, केलंत आणि सोबत बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणून त्यांच्या गावचे ग्रामसेवक. वाद घालायची माझी खोड तुम्ही आधीच ओळखली असणार. एका गोष्टीवर तर आपलं वाजलंच. बाळाला सासरच्यांनी महिन्यातून एकदा भेटावं, याला तुम्ही विरोध केला नाहीत. “बाळाचं हित बघतात, मावशी, आपला राग नाही.” मला ते तेव्हाही पटलं नव्हतं, आजही नाही. पण भेटीच्या दिवशी बाळाला तिकडं मीच घेऊन जाते.

फौजदारी केसचं इथं लिहीत नाही. पोटगीचा आकडाही नको. बाळाचं दूध आणि गॅसची टाकी निघते, एवढं सांगते.

भाची आता एकोणीस पूर्ण. १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसतेय, गणिताला रडतेय. धाकटीला अंगणवाडीत घातलं तेव्हा पालकाच्या रकान्यात तिनं स्वतःचं नाव लिहिलं, मला न विचारता.

लग्न रद्द झाल्याच्या आदेशाची नक्कल गेल्या महिन्यात हातात आली. म्हणजे तुमच्याकडची केस संपली, मी आता पक्षकार नाही. शेवभाजी आणि बाजरीची भाकरी. आदल्या दिवशी फोन करा, बाजरी ताजी दळून ठेवते.

तुमची,
मावशी