390 वरून 270: हरवलेल्या घोड्यांचा हिशेब

डिअरबॉर्न, मिशिगन

चि. सायली,
अनेक आशीर्वाद.

तुझा प्रश्न अगदी नेमका आहे. 1970 च्या कॉर्व्हेट या जनरल मोटर्सच्या स्पोर्ट्स गाडीतलं 454 घन इंचांचं (म्हणजे सिलिंडरांची मिळून एवढी जागा असलेलं) इंजिन 390 हॉर्सपॉवरचं आणि 1972 मध्ये तेच इंजिन 270 चं, मग दोन वर्षांत 120 घोडे गेले कुठे? बहुतेक लोक प्रदूषणाच्या कायद्यावर बिल फाडून मोकळे होतात. खरं म्हणजे त्यातले बरेचसे घोडे गाडीत कधी नव्हतेच.

तेव्हा अमेरिकेत छापला जाई तो ग्रॉस आकडा. इंजिन उघडं टेस्ट स्टँडवर चढवायचं. एअर फिल्टर नाही, फॅन नाही, अल्टरनेटर नाही, गाडीचा सायलेन्सर तर नाहीच. इग्निशनचं टायमिंग हवं तसं लावायचं आणि येईल तो आकडा जाहिरातीत टाकायचा. नेट आकड्यासाठी हे सगळं जोडून, गाडीचाच एक्झॉस्ट लावून मोजावं लागतं. 1971 साली जनरल मोटर्सने दोन्ही आकडे छापले, म्हणून हिशेब मांडता येतो. त्या वर्षी हे इंजिन ग्रॉस 365, नेट 285. म्हणजे 80 चा फरक निव्वळ मोजणीचा. बाकी राहिले 40. कमी शिशाच्या पेट्रोलवर चालावं म्हणून कॉम्प्रेशन रेशो (सिलिंडरात मिश्रण किती पट दाबलं जातं तो आकडा) 10.25 वरून 8.5 केला, त्यात 25 गेले. 1972 मध्ये आणखी 15. झाले 120.

पण सगळेच आकडे फुगवलेले होते असं समजू नकोस. उलटी लबाडीही जोरात चालायची. 1967 च्या कॉर्व्हेटमध्ये एल-71 नावाचं 427 घन इंचांचं इंजिन 435 हॉर्सपॉवरचं म्हणून विकत. त्याच यादीत एल-88 होतं, कॉम्प्रेशन 12.5, खास शर्यतीसाठी बांधलेलं, आणि कागदावर 430! कमी फेऱ्यांवरचा आकडा छापला की काम झालं. विमा कंपन्या जास्त हॉर्सपॉवरवर जादा हप्ता लावत आणि ड्रॅग शर्यतीत वर्ग ठरे तो वजन भागिले हॉर्सपॉवर या हिशेबाने, त्यामुळे कमी आकडा दोन्हीकडे फायद्याचा. एल-88 तीन वर्षांत फक्त 216 गाड्यांत बसलं.

कंपनीचे स्वतःचे नियमही होतेच. जनरल मोटर्सचा दंडक होता की कॉर्व्हेट सोडून कोणत्याही गाडीत 10 पौंड वजनामागे 1 हॉर्सपॉवरपेक्षा जास्त नको. म्हणून त्यांच्याच पॉन्टिॲक विभागाच्या 1967 च्या फायरबर्ड 400 मध्ये इंजिन पॉन्टिॲकच्याच जीटीओ या गाडीचं, पण कार्ब्युरेटरच्या लिंकेजवर पत्र्याचा एक छोटा अडसर. त्यामुळे मागचे दोन थ्रॉटल पूर्ण उघडत नसत, आणि कागदावर 325 दाखवता येत. हा पत्रा पक्कडीने वाकवला की इंजिन मोकळं.

मुळात जीटीओ जन्मली ती अशाच पळवाटेतून. मधल्या आकाराच्या गाडीत 330 घन इंचांपेक्षा मोठं इंजिन नको, हा वरचा हुकूम. पॉन्टिॲकचे मुख्य अभियंता जॉन डिलोरियन आणि त्यांच्या माणसांनी 1964 मध्ये 389 घन इंचांचं इंजिन नव्या मॉडेलमध्ये घातलंच नाही. टेम्पेस्ट ल माँ या चालू गाडीवरचं ‘ऑप्शन पॅकेज’ म्हणून यादीत टाकलं. नियम मॉडेलला, ऑप्शनला नाही. विक्री विभागाने सुरुवातीला जेमतेम 5,000 गाड्यांना होकार दिला होता. पहिल्याच वर्षी 32,450 गेल्या.

शर्यतीच्या नियमांनी तर यापेक्षा चमत्कारिक गाड्या घडवल्या. ट्रान्स-ॲम या अमेरिकेतल्या शर्यतमालिकेत इंजिनाला मर्यादा 305 घन इंच. शेव्हरोलेने (कॉर्व्हेटही याच विभागाची) 327 इंजिनाचा 4 इंच बोअरचा, म्हणजे सिलिंडरच्या व्यासाचा, ब्लॉक घेतला, 283 चा 3 इंच स्ट्रोकचा, म्हणजे पिस्टनच्या वरखाली धावेचा, क्रँकशाफ्ट त्यात बसवला. आठ सिलिंडर धरून तूच गुणाकार कर, 302 च्या आसपास येईल. कॅमारो झेड-28 ती हीच.

आणि ती उंच शेपटीवाली प्लायमाउथ सुपरबर्ड. मागच्या पंखाचे दोन उभे खांब केवळ आधाराला नाहीत; वेगात गाडी तिरकी होऊ लागली की तेच तिला सरळ धरतात. मागची काच खोलगट असली की तिथे हवा घुटमळते, म्हणून पत्र्याचा तुकडा वेल्ड करून काच छताच्या उताराला आणली. तो सांधा घासून गुळगुळीत करत बसायला वेळ आणि पैसा कुणाकडे होता? वरून व्हायनल, म्हणजे रेक्झिनसारखं प्लास्टिकचं आवरण, चढवलं. त्यामुळे कारखान्यातून निघालेल्या सुपरबर्डचं छप्पर व्हायनलचंच. नुसत्या रंगाचं दिसलं तर आधी शंका घ्यावी. हिचीच थोरली बहीण डॉज चार्जर डेटोना. शर्यतीत उतरवायची तर 500 गाड्या बांधायची अट होती, 503 बांधल्या. 24 मार्च 1970 ला टॅलाडेगाच्या ट्रॅकवर बडी बेकरने डेटोनात ताशी 200.447 मैल गाठले. पुढच्या वर्षी नॅस्कारने, म्हणजे या शर्यती भरवणाऱ्या संस्थेने, पंखवाल्यांना 305 घन इंचांची मर्यादा घातली आणि खेळ संपला.

या पळवाटांचा ताप आज गाडी तपासणाऱ्याला होतो. क्रायस्लरचं (प्लायमाउथ, डॉज याच कंपनीच्या) बरं आहे, चेसिस नंबरातलं पाचवं अक्षर इंजिन सांगतं. ‘बीएस27आर1बी’ म्हणजे बॅराकुडा, वरची श्रेणी, कन्व्हर्टिबल, 426 हेमी (अर्धगोल दहनकक्षांचं मोठं इंजिन), 1971, हॅमट्रॅमक कारखाना. आर च्या जागी दुसरं अक्षर असेल आणि तरी बॉनेटखाली हेमी दिसलं, तर ते मागाहून बसवलेलं. 1970 च्या शेव्हरोले शेव्हेल एसएसचं मात्र तसं नाही. एसएस हे ऑप्शन असल्याने चेसिस नंबर नुसता ‘व्ही-8 मालिबू’ इतकंच बोलतो. 1964–65 च्या जीटीओचीही हीच गत.

मग इंजिनाकडे वळायचं. शेव्हरोलेच्या ब्लॉकवर पुढे उजवीकडे, हेडच्या पुढ्यात, सपाट पट्टी असते. तिच्यावर चेसिस नंबरचा काही भाग ठोकलेला असतो. कारखान्यातल्या मशीनने त्या पट्टीवर बारीक समांतर रेघा उमटतात. ब्लॉकचा माथा घासून घेतला की जुने आकडे आणि रेघा दोन्ही जातात, आणि नव्याने ठोकलेल्या आकड्यांखाली सँडिंगचे गोल ओरखडे दिसतात. शेवटी कास्टिंगची, म्हणजे ब्लॉक ओतल्याची, तारीख बघायची. ए म्हणजे जानेवारी, एल म्हणजे डिसेंबर, पुढे दिवस आणि वर्षाचा शेवटचा आकडा. ब्लॉक गाडीच्या आधी काही दिवस किंवा काही आठवडे ओतलेला हवा. गाडी मार्चची आणि ब्लॉक मेचा निघाला, तर विकणाऱ्याचं पुढचं ऐकत बसू नये.

या गाड्या आपल्याकडे नव्या विक्रीला कधी आल्या नाहीत. मुंबईत दिसायच्या त्या प्लायमाउथ आणि डॉज साध्या सेडान, कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात जोडलेल्या. त्यांच्याविषयी हवं असेल तर वेगळं लिहितो.

ताईला आणि दाजींना नमस्कार.

तुझा,
मामा