शांत चेहऱ्यामागची नाडीही पाहा

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीतली माजी कमांडोची मुलाखत आवडली. या माणसांबद्दलचा आदर माझ्याही मनात आहे आणि तो कमी व्हावा म्हणून मी हे पत्र लिहीत नाही. पण मुलाखतीच्या शेवटी ‘यांच्या रक्तातच भीती नाही’ असं एक वाक्य आहे. मला ते पटलं नाही. भूलतज्ज्ञ म्हणून काम करताना मी माणसांचे चेहरे आणि त्यांच्या नाडीचे आकडे वर्षानुवर्षं शेजारी शेजारी पाहिले. चेहरा एक सांगतो आणि नाडी दुसरंच, असं कितीतरी वेळा होतं.

आणि रक्ताचंच म्हणाल, तर ते तपासलं गेलेलं आहे. शत्रूच्या हाती सापडल्यावर तगून कसं राहायचं, याचं एक प्रशिक्षण अमेरिकी लष्करात असतं. त्यात उपासमार होते, झोप मिळत नाही आणि खोट्या कैदेत खऱ्यासारखी उलटतपासणी होते. येल विद्यापीठाचे मनोविकारतज्ज्ञ चार्ल्स मॉर्गन यांनी त्या प्रशिक्षणार्थींच्या रक्ताचे नमुने घेतले आणि २००० च्या सुमारास निष्कर्ष प्रसिद्ध केले. उलटतपासणीच्या काळात कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक प्रचंड वाढलेलं होतं. विशेष दलाच्या जवानांचा फरक दिसला तो न्यूरोपेप्टाइड वाय या द्रव्यात. मेंदूला तणावातही ताळ्यावर ठेवायला ते मदत करतं. त्यांच्या रक्तात ते इतरांपेक्षा जास्त होतं आणि २४ तासांत पुन्हा मूळ पातळीवर आलं. इतरांचं मात्र मूळ पातळीच्याही खाली घसरलं होतं. संकटाची चाहूल सगळ्यांनाच लागते, हे जवान तिच्यातून लवकर सावरतात. मला तरी हे ‘भीतीच नाही’ यापेक्षा मोठं वाटतं.

हे सावरणं घोटवून घेतलं जातं. अमेरिकी नौदलाच्या सील तुकडीच्या निवडीत एक आठवडा कुप्रसिद्ध आहे. साडेपाच दिवस थंड पाणी, वाळू आणि ओझी, आणि त्या सगळ्या काळात मिळून झोप चार तासांहूनही कमी. अशा वेळी टिकायचं कसं, हेही तिथे शिकवतात : फक्त पुढच्या जेवणापर्यंतचा विचार करायचा, पुढची कृती मनात आधी करून पाहायची, स्वतःशी नीट बोलायचं आणि श्वास ताब्यात ठेवायचा. चार अंक मोजत श्वास आत, चार रोखून, चार बाहेर, चार थांबून. यात गूढ काही नाही. उच्छ्वास लांबवला की व्हेगस मज्जातंतूमार्फत हृदयाची गती उतरते. सुईला घाबरणाऱ्या रुग्णाला मी ‘हळूच श्वास सोडा’ म्हणायची, ते याचसाठी.

टीव्हीवर दिसणारी कारवाई आपल्याला सुबक वाटते. ५ मे १९८० रोजी लंडनमधल्या इराणी वकिलातीत ओलीस धरलेल्यांना सोडवायला ब्रिटनच्या एसएएस या विशेष दलाचे जवान शिरले, ते लोकांनी थेट प्रक्षेपणात पाहिलं आणि काळ्या पोशाखातले ते निनावी जवान रातोरात दंतकथा झाले. प्रत्यक्षात त्या १७ मिनिटांची सुरुवातच बिघडली होती. मागच्या बाजूने दोराने उतरणारा एक जवान मध्येच अडकला, त्याला सोडवायच्या धडपडीत खिडकीची काच फुटली, आतल्या बंदूकधाऱ्यांना सुगावा लागला आणि नंतर लागलेल्या आगीत लोंबकळणाऱ्या त्या जवानाचे पाय भाजले. तरी बाकीचे थांबले नाहीत. ठरलेलं मोडलं की उरलेल्यातून पुढचं पाऊल उचलायचं, याचाच त्यांनी सराव केलेला होता. मला कौतुक आहे ते याचं. २८ नोव्हेंबर २००८ ला नरिमन हाऊसच्या गच्चीवर हेलिकॉप्टरमधून उतरणारे आपले कमांडो पाहताना माझ्या डोळ्यांसमोर तो दोरच होता.

आता मूळ मुद्दा. एक माजी कमांडो माझ्याकडे तातडीच्या शस्त्रक्रियेसाठी आले होते. ओळख पटेल असं काही लिहीत नाही. अपेंडिक्स फुटून पोटात पू झाला होता. एवढ्या अवस्थेत माणूस कळवळतो. हे गृहस्थ शांत पडून होते, प्रत्येक प्रश्नाला ‘ठीक आहे, मॅडम’ म्हणत होते. नातेवाईक अभिमानाने सांगत होते, ‘कमांडो आहेत, हूं की चूं नाही केलं.’ मॉनिटरवर नाडी १३० होती. वेदना किती दिवस आहेत, हे एकांतात पुन्हा विचारल्यावर खरं सांगितलं. आधी का बोलला नाहीत म्हणाल्यावर ते छताकडे बघत म्हणाले, ‘घरात सगळ्यांना सवय आहे, मला काही होत नाही याची.’

ते बरे होऊन घरी गेले. पण त्या वाक्याचा मला अजूनही राग येतो. त्यांचा नव्हे, आपल्या सगळ्यांचा. सेवेत असताना ज्याने जीव वाचवले, तोच संयम निवृत्तीनंतरही आपण त्यांच्याकडून मागत राहतो, आणि टाळ्या वाजवून मागतो, म्हणून त्यांना नाही म्हणता येत नाही.

या आयुष्याची शारीरिक किंमत आता वैद्यकात नोंदली जाते आहे. २०२० मध्ये मानसशास्त्रज्ञ ख्रिस्तोफर फ्रू आणि सहकाऱ्यांनी विशेष दलांतल्या माजी जवानांच्या तक्रारी एकत्र मांडल्या आणि त्या समूहाला ‘ऑपरेटर सिंड्रोम’ म्हटलं. मेंदूला बसलेले धक्के, झोपेत श्वास अडकणं, संप्रेरकांचा बिघाड, सांध्यांचं जुनं दुखणं, डोकेदुखी, चिडचिड, नैराश्य. धक्के नेहमी शत्रूच्याच बॉम्बचे असतात असंही नाही. दार उडवण्याच्या सरावात स्वतःच लावलेल्या स्फोटकांचे हादरे वर्षानुवर्षं डोक्याला बसतात. बाहेरून जखम दिसत नाही, आणि चेहरा तर शांतच असतो.

आणखी एक कडू गोष्ट. शांत डोकं म्हणजे चांगलं मन, हेही आपण गृहीत धरतो. अफगाणिस्तानातल्या ऑस्ट्रेलियाच्या विशेष दलांबाबतचा चौकशी अहवाल नोव्हेंबर २०२० मध्ये आला. ३९ जणांच्या बेकायदा हत्यांची विश्वासार्ह माहिती असल्याचं त्यात म्हटलं होतं. ते ओझं सगळ्या कमांडोंवर टाकणं अन्यायाचं होईल. पण प्रश्नच विचारायचे नाहीत इतकी भक्तीही नको, कारण त्याच दलातल्या काही जवानांनी स्वतः पुढे येऊन साक्ष दिली होती, आणि भक्तीच्या गोंगाटात सर्वांत आधी त्यांचा आवाज दबतो.

आपल्या प्रतिनिधींना एक विनंती. पुढच्या वेळी एखाद्या माजी कमांडोला भेटाल, तेव्हा मोहिमेबद्दल जरूर विचारा. त्यानंतर रात्री झोप किती लागते, कानांत आवाज येतो का, डोकं किती वेळा दुखतं आणि हे सगळं घरात कुणाला ठाऊक आहे का, हेही विचारा. त्यांनी सांगितलंच, तर जागेअभावी ते उत्तर कापू नका.

आपली विश्वासू,
एक निवृत्त भूलतज्ज्ञ