पॅच परत पाठवणाऱ्या रिव्ह्यूअरना खुलं आभारपत्र

सप्रेम नमस्कार,

डिस्कवरच्या फाइली सांभाळणाऱ्या फाइल सिस्टिममधला एक बग मी कळवला होता. बिघडलेली डिस्क इमेज (डिस्कची फाइलरूपातली नक्कल) माउंट करून, म्हणजे सिस्टिमला जोडून, एका फाइलचा एक्स्टेंडेड अ‍ॅट्रिब्यूट (फाइलसोबत साठवलेली जादा माहिती) वाचला की कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, क्रॅश व्हायचा. दुरुस्तीचा पॅच, म्हणजे कोडमधला बदल, आला, मी तो लावून पाहिला, क्रॅश थांबला. माझ्यापुरता विषय मिटला होता. तुम्ही तो मिटू दिला नाहीत, म्हणून हे पत्र.

मूळ दोष साधा होता. डिस्कवर लिहिलेल्या लांबीवर कोड डोळे झाकून विश्वास ठेवत होता. पॅचने तपासणी घातली: ऑफसेट (डिस्कवरच्या ब्लॉकमध्ये माहिती कुठून सुरू होते तो आकडा) अधिक लांबी ब्लॉकच्या आकारापेक्षा जास्त भरली, तर तिथूनच परत फिरायचं. वाचताना कुणालाही पटेल असंच. तुम्ही उत्तरात फक्त दोन आकडे मांडलेत. ऑफसेट १६, लांबी ४२९४९६७२९०. दोन्ही ३२ बिटांचे अनसाइन्ड, म्हणजे ४२९४९६७२९५ च्या वर न जाणारे, त्यामुळे बेरीज ओव्हरफ्लो होऊन पुन्हा शून्यापासून सुरू होते आणि हाती उरतात १०. ब्लॉक ४०९६ बाइटचा. त्यापुढे १० म्हणजे काहीच नाही. तपासणी बिनबोभाट पास, आणि पुढचा कोड पुन्हा ब्लॉकबाहेरची मेमरी वाचायला मोकळा. उपायही तुम्हीच सुचवलात: आधी ऑफसेट ब्लॉकच्या आत आहे ना ते पाहा, मग आकारातून ऑफसेट वजा करून उरलेल्या जागेशी लांबी ताडा. बेरीज करूच नका.

असे आकडे डिस्कवर येतील कुठून, असं कुणी म्हणेल. पण हाती आलेला पेनड्राइव्ह कुणी मुद्दाम तसा बनवलेला असू शकतो, आणि फझर, म्हणजे बग शोधायला मुद्दाम वेडावाकडा डेटा बनवणारे प्रोग्रॅम, तर अशाच इमेज रात्रंदिवस तयार करत असतात.

दुसरी चूक मला जास्त धास्तावून गेली. नव्या तपासणीतला रिटर्न लॉक (एका वेळी एकालाच आत सोडणारं कोडमधलं कुलूप) न सोडताच फंक्शनमधून बाहेर पडत होता. डिफमध्ये, म्हणजे फक्त बदललेला कोड दाखवणाऱ्या यादीत, बदलाच्या वर-खाली सहसा तीनच ओळी दिसतात, आणि लॉक त्याच्या बरंच वर घेतलेलं होतं. म्हणजे तुम्ही डिफ बाजूला ठेवून अख्खं फंक्शन वाचलंत. माझी चाचणी अ‍ॅट्रिब्यूट एकदाच वाचून संपायची, म्हणून तिला काही जाणवलं नाही. दुसऱ्यांदा वाचणारी प्रोसेस मात्र लॉकची वाट पाहत डी स्टेटमध्ये, म्हणजे न मोडता येणाऱ्या झोपेत, अडकली असती, आणि तिथे प्रोसेस जबरदस्तीने बंद करणाऱ्या किल -९ लाही दाद मिळत नाही. क्रॅश झाला तर निदान लॉग तरी हाती लागतो. मला विचाराल तर हा हँग मूळ बगपेक्षा वाईट.

पॅच लिहिणाऱ्याशी तुम्ही ज्या रीतीने बोललात, त्याचेही आभार. आधी बगची जागा त्याने अचूक शोधली हे सांगितलंत, मग चुका दाखवल्यात, आणि दुरुस्ती स्वतः न करता त्यालाच करू दिलीत. दुसरी आवृत्ती त्याच्याच नावावर मर्ज झाली, म्हणजे मूळ कोडमध्ये गेली. त्यात सगळे एरर आता एकाच लेबलवर, म्हणजे कोडमधल्या एकाच ठिकाणी, जातात, तिथे लॉक सुटतं, डिस्कवरून वाचलेला डेटा धरून ठेवणारा बफरही सुटतो.

तुमच्या आग्रहामुळे ती इमेज आता फाइल सिस्टिमच्या टेस्टमध्ये कायमची गेली आहे. टेस्ट अ‍ॅट्रिब्यूट दोनदा वाचते, तेही तुमच्याच सांगण्यावरून. तुम्ही दिलेल्या या वेळाबद्दल मी मनापासून ऋणी आहे.

आपला,
बग कळवणारा एक वापरकर्ता