स्टुडिओवाल्या मामांना उघड पत्र

ती. मामा आणि मामी,
सा. न. वि. वि.

तोंडावर आभार मानले की तुम्ही लगेच "चहा घेतेस का" विचारता आणि विषय तिथंच संपतो. म्हणून हे चारचौघांत लिहितेय.

ऐन मे महिन्यात मी कॅमेरा घेऊन आले, तेव्हा तुम्ही कुणाचे तरी पासपोर्ट फोटो कापत होतात. नळदुर्गजवळच्या आमच्या शेतातून काढलेल्या ताऱ्यांच्या फोटोंत लाल, निळे, हिरवे ठिपके येत होते. शहरातल्या एका दुकानात "सेन्सर गेलाय, नवाच घ्या" असं सांगून मोकळे झाले होते. सेन्सर म्हणजे फिल्मच्या जागी उजेड टिपणारा भाग. तुम्ही फोटो मोठा करून पाहिलात आणि विचारलंत, "शटर किती वेळ उघडं होतं? आणि उकाडा किती होता?" उकाड्याचं तोवर कुणी विचारलंच नव्हतं.

"फिल्म दमायची, सेन्सर तापतो," हे तुमचं वाक्य मी आता सगळ्यांना ऐकवते. लांब एक्सपोजरला, म्हणजे शटर बराच वेळ उघडं ठेवलं की, फिल्म मंदावत जायची, म्हणून हिशेबापेक्षा जास्त वेळ द्यावा लागे. डिजिटलला ते दुखणं नाही. पण त्यात उष्णतेमुळे अंधारातही सेन्सरच्या पिक्सेलमध्ये, म्हणजे बारीक चौकटींत, विद्युतभार साठत राहतो, काहींत जरा जास्तच. तापमान सहा ते आठ अंशांनी चढलं की हा साठा साधारण दुप्पट. प्रत्येक पिक्सेलवर लाल, हिरवा किंवा निळा फिल्टर असतो, म्हणून ठिपके रंगीत. आपल्याकडच्या मेच्या रात्री ते दिसणारच!

उपाय काय, तर लेन्सचं टोपण. चार मिनिटांचा फोटो झाला की टोपण लावून, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) तोच ठेवून, आणखी चार मिनिटांचा निव्वळ काळा फोटो घ्यायचा आणि त्यातले ठिपके पहिल्यातून वजा करायचे. कॅमेऱ्यातलं लाँग एक्सपोजर नॉइज रिडक्शन (ठिपके काढायची सोय) हेच आपणहून करतं, म्हणून फोटोनंतर तो तेवढाच वेळ अडून बसतो. ताऱ्यांच्या रेषा हव्या असतील तर मात्र ते बंद ठेवायचं, नाहीतर रेषा तुटतात. 30 सेकंदांचे फोटो एकामागून एक, काळे फोटो शेवटी, आणि जोडणी कॉम्प्युटरवर. तासाभरात आकाश 15 अंश फिरतं, तेवढी कमान पुरे होते.

या कमानी ज्याच्याभोवती फिरतात तो ध्रुवतारा शोधायची तुमची रीत तर कॅमेऱ्याशिवायही उपयोगाची. नळदुर्गचा अक्षांश जवळपास 18, म्हणजे तारा उत्तर क्षितिजावर तेवढेच अंश वर. हात लांब केला की एक मूठ साधारण 10 अंशांची. दोन मुठी रचायच्या आणि किंचित खाली बघायचं.

मामी, डिसेंबरात "पोरगी रात्रीची एकटी रानात कशी बसंल" म्हणून तुम्ही भाकरी-ठेचा बांधून सोबत आलात. शेजारच्या वस्तीवरचा बल्ब घालवायला लावलात तोही तुम्हीच. मी सांगितलं असतं तर कुणी ऐकलं नसतं. त्या थंडीत ठिपकेही पुष्कळ कमी आले.

नर-मादी धबधब्याच्या फोटोंसाठी मामांनी दिलेला दहा स्टॉपचा एनडी फिल्टर (लेन्सवर लावायची काळी काच) परत केलाच आहे. प्रत्येक स्टॉपला प्रकाश निम्मा, म्हणून तो प्रकाश साधारण हजारपट कमी करतो, त्यामुळे 1/30 सेकंदाचं काम अर्ध्या मिनिटावर जातं आणि वाहतं पाणी सायीसारखं गुळगुळीत येतं. मागच्या काचेतून उजेड शिरू नये म्हणून व्ह्यूफाइंडरवर काळं फडकं टाकायचं, हेही मामांनीच दाखवलं. पण खरं सांगू? पाण्याची ती साय मला फारशी आवडली नाही. नळदुर्गचं पाणी आदळताना दिसायला हवं. तुम्हाला पटणार नाही, ठाऊक आहे.

ताऱ्यांच्या फोटोची मोठी प्रिंट पाठवतेय, काउंटरमागे लावा. रिलीज केबल (कॅमेऱ्याला हात न लावता शटर दाबायची तार) अजून माझ्याकडेच आहे. दिवाळीच्या सुट्टीत आणून देते. त्याआधी लागली तर फोन करा, भावाच्या हाती पाठवीन.

तुमची,
ठिपकेवाली भाची